समुद्रसपाटी

पहिलीत असतानाच पाठ झालेला आकडा:
एल आल्तो, समुद्रसपाटीपासून चार हजार एकशे मीटर.
कुठला समुद्र, ते बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं होतं.
शेजाऱ्याच्या हद्दीत, निळा,
एकेकाळी आपला.

इथे पाहुणे येतात ते आधी भिंत धरतात.
जिना चढताना बोलू नका, आम्ही सांगतो,
कोकाच्या पानांचा चहा देतो, हसतो जरा.
आम्हाला ही हवा पुरते.
टाकीतल्यांना पुरत नाही.

टाकीतले म्हणजे उयुनीच्या मिठातून आणलेले जिवाणू,
उन्हाला, खाराला, उपासाला सरावलेले.
खालच्या मुलखातली उसाची मळी त्यांना पाजायची,
मग नायट्रोजन देताना हात आखडता घ्यायचा,
की दुष्काळाच्या धास्तीनं ते साखरेची चरबी करून
पोटात दडवतात: पांढरे, गोल, गच्च दाणे.
तेच आमचं प्लास्टिक.
मातीला खाऊन पचवता येईल असं.

पण दडवायच्या आधी वाढायला हवं,
आणि वाढायला श्वास.
अकराव्या तासाला ऑक्सिजनचा आकडा घसरायचा,
तीस, बावीस, नऊ,
मग चार. आणि चारावरच बसून राहायचा,
शेवटची गाडी चुकलेल्या माणसासारखा.

रुफिनोनं ढवळणी वाढवली, मिनिटाला सातशे फेरे.
मळीला फेस आला, फेस चढला, गाळणीत शिरला.
पहाटे तीनला आम्ही दोघं फरशी पुसत होतो.
फेस मारायला तेल टाकलं
तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले,
आणि मोठा बुडबुडा म्हणजे घाईतला पाहुणा:
उंबऱ्यावरूनच बोलतो, निघून जातो,
हातातली पिशवी तशीच हातात.

मग इंजिनिअर ग्रासिएला तिकोनांनी तळाची नळी बदलली.
जुनीला अठरा भोकं होती.
नवीची भोकं मोजायला डोळे पुरत नव्हते.
काचेतून पाहिलं तर आत दूधच.
आकडा अकरावर आला.
अकरा.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

उपाय शेवटी वर होता, बाहेर जाणाऱ्या हवेच्या झडपेत.
ती त्यांनी थोडी आवळली. आणखी थोडी.
टाकी आतून कण्हली.
काटा शून्य दशांश चारवर सरकला, तिथं त्यांनी हात काढला.
"आता आत कुठलं गाव आहे?"
मला कळेना.
"इथल्या हवेचा दाब, अधिक हा. कर बेरीज."
मी हातमोज्यावर पेननं बेरीज केली.
एक आला. पुरता एक.

कोंबड्यांच्या बाजारामागे, पत्र्याच्या छपराखाली,
तीनशे लिटर समुद्रसपाटी.
आकडा चौतीसवर गेला आणि उतरलाच नाही.
रुफिनो खुर्चीतच झोपला, बूट न काढता.

बाबांनी एक वर्ष आरमारात काढलंय.
समुद्र नसलेल्या देशाचं आरमार, तितिकाकाच्या तळ्यात.
पांढरा गणवेश, सतरा प्रकारच्या गाठी,
आणि मार्चमध्ये समुद्राच्या दिवशी
अजून गुडघे दुखेपर्यंत ताठ उभं राहणं.

रविवारी मी त्यांना पहिली चकती दाखवली,
बटणाएवढी, कच्च्या मिठाच्या रंगाची.
सांगितलं सगळं: झडप, काटा, बेरीज.
त्यांनी ती दाताखाली धरून पाहिली.
बराच वेळ गेला.
"म्हणजे तुझे किडे जाऊन आले तिथं."
"हो."
"काय केलं त्यांनी?"
"आधी श्वास घेतला. वाढले.
मग मिळेल तेवढं पोटात लपवलं.
कोरड्या वजनाच्या सत्तर टक्के."

खाली दरीत ला पाझचे दिवे लागत होते.
"मीही तेच केलं असतं," ते म्हणाले.

चकती मात्र त्यांनी परत दिली नाही.